एका चहाचे दोन पेले

मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी धाडमधल्या चहाच्या दुकानात कंपनीचा निरीक्षक आला. एक चहा वाटून घेणारी दोन गिऱ्हाइके आणि काउंटरमागचा दुकानदार, असा त्याने फोटो काढला. पुढच्या आठवड्यात दुकानदाराला करार रद्द करण्याची नोटीस मिळाली. दुकानदार माझा मामेभाऊ.

दुकान फ्रँचायजीचे. पाटी, कप, चहापत्ती आणि मसाला कंपनीचा. जागा, दूध आणि मेहनत त्याची. चहा कंपनीच्याच कपात आणि ठरलेल्या मापातच द्यायचा, असे करारात होते. धाडच्या बाजारात मात्र एकटा माणूस सहसा चहा घेत नाही. ओळखीचा कोणी भेटला की तो एक चहा सांगतो आणि सोबत रिकामा पेला मागतो. त्यासाठी मामेभावाने काउंटरखाली स्टीलचे पेले ठेवले होते. यात नियम मोडतो, हे त्याच्या कधी डोक्यातच आले नव्हते.

मी बुलढाण्याहून गेलो तेव्हा तो काउंटरवरच होता.

"दादा, पाटी गेली तं मी बसलो घरी," तो म्हणाला. "दुसऱ्या नावानं चहा विकू म्हटलं तं दोन वर्षं तेही नाई. करारातच हाय."

"वाचला नव्हतास?"

"वाचला ना. पण तवा पाटी लागून राह्यली होती."

जिल्ह्यातल्या याच कंपनीच्या दुकानदारांची संघटना होती. तो तिचा सभासद होता, पण बैठकीला कधी गेला नव्हता. संघटना म्हणजे निवेदन, फोटो आणि बातमी, एवढाच माझा बातमीदारीतला अनुभव. ही संघटना नेमके काय करते ते पाहावे म्हणून मी त्याच्यासोबत मेहकरला गेलो. बैठक एका मंगल कार्यालयाच्या जेवणघरात होती. अध्यक्षा जानेफळच्या दुकानाच्या मालकीण. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी आधीच निरोप दिला होता की अर्धा चहा ज्यात देता तो पेला सोबत आणा.

निरीक्षकाने काढलेला फोटो नोटिशीला जोडलेला होता. तो हातोहात फिरला.

"लग्नातही इतका चांगला फोटो नाई आला बे तुया," धामणगाव बढ्याचा दुकानदार म्हणाला.

"लग्नात तुयासारखे पावणे होते ना," मामेभाऊ म्हणाला.

ताईंनी फोटो बाजूला ठेवला. "भाऊ, पत्ती कंपनीचीच वापरता ना?"

"हाव."

"मसाला?"

"तोही. येऊन पाहा ना, ताई."

"पाहून आलो," धामणगावचा म्हणाला. "परवा आमी दोघं तुया दुकानात चहा पेऊन गेलो. तुले पत्ताच नाई."

"दोघांत किती घेतले?" कोणी तरी विचारले.

"एकच."

हशा पिकला. त्या भेटीचे कारण ताईंनी मला नंतर सांगितले. बाहेरची पत्ती वापरणाऱ्याची बाजू संघटना घेत नाही. म्हणून आधी दोघांना गिऱ्हाईक म्हणून पाठवायचे आणि मगच बैठक बोलवायची, अशी त्यांची पद्धत होती.

पेले टेबलावर मांडले गेले. स्टीलचे, काचेचे, कागदी, एक पितळी. बुलढाण्याच्या एका दुकानदाराने काहीच आणले नव्हते.

"माह्या दुकानात असं चालत नाई," तो म्हणाला.

"काऊन? तुमच्या गिऱ्हाइकाले दोस्त नाई का?" ताईंनी विचारले.

तो हसला. नंतर कंपनीला द्यायच्या अर्जावर त्यानेही सही केली.

वकील का नाही केला, असे मी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "वकील एकट्याचं भांडन. एकट्याचा करार कंपनी आरामात मोडते. सगळ्या दुकानांत तेच चालत असन तं मंग चूक करारात हाय, मानसात नाई. एवढंच आमाले दाखवा लागते."

अर्जात दोन मागण्या होत्या: धाडची नोटीस मागे घ्यावी आणि कंपनीने अर्ध्या मापाचा कप द्यावा. सोबत टेबलावरच्या पेल्यांचा फोटो जोडला.

काही दिवसांनी कंपनीचा विभागीय अधिकारी जानेफळला आला. त्या भेटीला मी नव्हतो. हजर असलेल्या दोघांचे सांगणे जुळते ते एवढेच: स्टीलचे पेले बंद व्हावेत, असे अधिकारी म्हणाला. ताईंनी ते मान्य केले, पण छोटे कप आल्यावर. धाडच्या नोटिशीबद्दल त्याने वर विचारून सांगतो, असे उत्तर दिले.

पुढच्या मालात सगळ्या दुकानांना छोट्या कपांची खोकी आली. कपांवर कंपनीचे नाव आहे. अर्ध्या चहाचा दर कंपनीच्या दरपत्रकात आला आहे. धाडचे दुकान त्याच पाटीखाली चालू आहे. नोटीस मागे घेतल्याचे पत्र अद्याप मिळालेले नाही.