फुगवलेला पाऊण तास

विमान कंपनीच्या वेळापत्रक खात्यात त्याला सगळे मिनिटराव म्हणत. कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ त्याला तोंडपाठ. किनाऱ्यावरच्या शहराहून इथपर्यंत सहाशे दहा किलोमीटर. विमानाची जमिनीवरची रांगती चाल धरून सव्वा तास. बावीस वर्षांत त्याच्या आकड्यांत कुणाला खोट सापडली नव्हती.

नवे साहेब आले आणि त्यांनी सव्वा तासाचे दोन तास करायला सांगितले. विमान उशिरा सुटलं तरी छापील वेळेआधी पोचतं, लोक खूश होतात, असं त्यांनी हसत हसत समजावलं. झालंही तसंच. कंपनीला वक्तशीरपणाचं मानचिन्ह मिळालं, ते खात्याच्या दारातच काचेत ठेवलं. येता-जाता ते दिसलं की मिनिटरावाला तोंडात केस आल्यासारखं व्हायचं. पण दोन मुलींची शिक्षणं चालू होती. तो मूग गिळून बसला.

एका दुपारी मोठ्या रुग्णालयातून फोन आला. अवयव आणण्याची व्यवस्था बघणाऱ्या बाई होत्या. गेल्या आठवड्यात किनाऱ्याकडून एक हृदय मिळत होतं. ते चार तासांत बसवावं लागतं. विमानाचे छापील दोन तास, वर रस्त्याचा आणि शस्त्रक्रियेचा वेळ धरला तर हिशोब जुळेना, म्हणून त्यांनी नकार दिला आणि ते हृदय दुसरीकडे गेलं. काल मात्र त्याच विमानानं आलेले डॉक्टर म्हणाले, आम्ही पाऊण तास आधीच उतरलो.

"खरा वेळ किती लागतो हो?" बाईंनी विचारलं.

"सव्वा तास."

"म्हणजे जमलं असतं." त्यांचा आवाज चढला नाही.

"कुणासाठी होतं?"

"एकोणीस वर्षांची मुलगी आहे. वाट बघतेय अजून."

तो तडक साहेबांकडे गेला. साहेब संत्रं सोलत होते. रुग्णालयानं आधी विचारायला हवं होतं, असं म्हणून त्यांनी एक फोड त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली नाही. साहेबांहून जास्त शिसारी त्याला स्वतःच्या बोटांची आली. दोनचा आकडा त्याच बोटांनी टाइप केला होता.

त्या संध्याकाळी त्यानं सगळ्या मार्गांचे खरे वेळ कागदावर लिहिले, खाली सही केली आणि कागद बाईंच्या हातात नेऊन दिला. आठवड्याभरात साहेबांना कळलं. त्याची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. बायको एवढंच म्हणाली, "हे आधीच करायचं होतंत."

वेळापत्रकात दोन तास तसेच राहिले. दुसरं मानचिन्ह आलं, तेव्हा टाळ्या वाजवायला त्यालाही बोलावलं होतं. तो गेला नाही. बाई आता कुठलाही अवयव आणायचा असला की आधी त्यालाच फोन करतात, तो मिनिटं सांगतो आणि फोन ठेवतो. त्या मुलीचं काय झालं, हे विचारायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही.