माडीवरचा उपचार

माझा नवरा बापयांशी बोलायचा, मी बायकांशी. दोघेही डॉक्टर, मांडवीत दोघांचा मिळून एकच दवाखाना, आणि आठवड्यातली एक दुपार आम्ही खाडीकाठच्या गावांना द्यायचो. पाळी, गर्भनिरोधन, गुप्तरोग, नवरा-बायकोतली जवळीक, ज्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही ते सगळं. मी शाळेच्या खोलीत बसायची, तो जेटीवर. सभेत कुणी काही विचारेल तर शपथ. बायका विचारायच्या ते मी निघताना, चपला घालता घालता. पुरुष त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत यायचे आणि तिथे टायरकडे बघत बोलायचे.

घरी जेवायला बसलो की आम्ही प्रश्न जुळवायचो. नावं तोही सांगत नसे, मीही नाही. पण कधी कधी कळायचंच, की हा प्रश्न आणि तो प्रश्न एकाच घरातले आहेत. तिला वाटतंय त्याचं मन उडालं. त्याला वाटतंय आपण जवळ गेलो की तिला दुखतं, तेव्हा लांब राहिलेलं बरं. दोघं एका छपराखाली, आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायचं आमच्या ताटांवर.

"अरे शहाण्या, हे त्यांना सांगायचं कुणी?" मी म्हणायची.

"आपण नाही. आपण त्यांना बोलायला शिकवायचं."

असं काही बोलला की मला मनस्वी राग यायचा. आता तो राग यावा म्हणून जीव कासावीस होतो. तो गेला, आणि तेव्हापासून मला प्रत्येक घरातलं अर्धंच ऐकू येतं.

गेल्या वर्षी त्याच गावांतली एक सासू सुनेला घेऊन दवाखान्यात आली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. मुलगा कुवेतला, रजा मिळेल तसा यायचा. सुनेच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या तपासण्या झालेल्या, सगळ्या चांगल्या. आता सासूचं एकच पालुपद. "दुर्बीण घालून बघा, डॉक्टरीणबाय. आत काय अडलंय ते काढून टाका." सून मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती.

माझं डोकंच फिरलं. "मुलाची तपासणी केलीत का एकदा तरी?"

"त्याला काय धाड भरलीय? चांगला धडधाकट आहे."

"मग घाबरता कशाला? रजेवर आला की आणा. तोवर हिच्या पोटाला मी हात लावणार नाही, आणि तुम्हीही कुणाला लावू देऊ नका."

माझा आवाज चढला की रोगी गप्प होतात. सासू गप्प झाली नाही, पण मुलगा आल्यावर त्याला घेऊन आली, हे खरं. वीर्याची तपासणी म्हटल्यावर त्याचे कान लाल झाले, तरी नाही म्हणाला नाही बिचारा. त्याचाही रिपोर्ट उत्तम आला.

मग मी सुनेला एकटीला आत घेतलं आणि विचारलं, तो रजेवर येतो तेव्हा तुझ्या वाट्याला किती येतो? आधी ती हसली. मग सांगायला लागली. आखातातून आलेला माणूस म्हणजे अख्ख्या गोतावळ्याचा पाहुणा. आज मामाकडे दावत, उद्या बहिणीकडे. घरातली लग्नंही त्याच्या रजेला धरून ठरतात. नणंदा मुलाबाळांसकट राहायला येतात, मग बायका आतल्या खोलीत, पुरुष पडवीत, जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरुणं. ही सकाळपासून चुलीपुढे. "तो बोलवत नाही, मी कशी जाऊ? घरातली काय म्हणतील? त्याला आता माझी सवयच राहिली नाही, डॉक्टर."

ती दोघं निघाली. तो काही विसरल्यासारखं करून फाटकातून एकटाच परत आला आणि माझ्या गाडीच्या टायरकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "ती दिवसभर राबते. मी चार दिवसांचा पाहुणा. कुठल्या तोंडाने जवळ बोलवू? फोनवर तासन् तास बोलते, समोर आलो की आत निघून जाते. मी नकोसा झालोय का तिला?"

कितीतरी दिवसांनी एका घरातलं दोन्हीकडचं माझ्यापाशी आलं होतं, आणि त्या संध्याकाळी जेवायला मी एकटी. भात चिवडत बसले. माझा नवरा असता तर काय म्हणाला असता ते मला माहीत होतं, पण ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावून समोरासमोर बसवलं. म्हटलं, "काल मला सांगितलंत ते आता एकमेकांना सांगा. मी चहाचं बघते." आणि दार ओढून माडीवर गेले. दवाखान्यावरच्या त्या खोलीत आम्ही संसार मांडला होता. तो गेल्यावर मी तिला कुलूप घालून खालीच मागच्या खोलीत राहायला लागले होते. खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, ढकलून ढकलून खिडकी उघडली. पलंगावर बसून पोटभर रडले. मग उठून केर काढला.

सासूला सांगितलं, रजा संपेपर्यंत दोघांना इथे दवाखान्याच्या माडीवर राहावं लागेल. उपचार आहे. पाहुणे नाहीत, दावती नाहीत.

"आणि औषध?"

"देते की." फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, मूल हवं असलेल्या सगळ्यांनाच देतात त्या. तिने गोळ्यांची पट्टी उलटीपालटी करून बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि उठली. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या एसटीने डबा यायला लागला. तांदळाच्या भाकऱ्या, सुरमई, कधी सांदणं.

मी खाली रोगी तपासायची आणि वर पावलं वाजायची. भांडं पडायचं, हसू फुटायचं. एकदा कडाडून भांडली दोघं, तेव्हा तर मला फारच बरं वाटलं. आणि हेवा वाटला, तोही सांगते. रक्तदाब बघता बघता आकडा चुकला, पुन्हा पट्टा बांधावा लागला.

रजा संपली, तो गेला. पुढच्या महिन्यात सासू-सून आल्या. सून आधी आत आली. पाळी आली होती. मी समजूत काढायला लागले, एका महिन्यात कुणाला दिवस राहतात, धीर धर. ती डोळे पुसत मान हलवत राहिली. "मूल हवंच आहे हो मला. पण मी त्यासाठी नाही रडत. उपचार बंद करू नका, डॉक्टर."

इतक्यात सासू आत आली. "गुण आला?"

सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "नाही अजून. पुढच्या रजेला पुन्हा करावा लागेल. लांबचा उपचार आहे."

आता ती दुर्बिणीचं काढणार म्हणून मी कंबर कसून बसले होते. तिने सुनेला औषधाच्या खिडकीकडे पाठवलं आणि ती गेल्यावर माझ्यासमोरची खुर्ची ओढली.

"करा. पुन्हा करा," ती म्हणाली. "मला काय कळत नाही होय? आमचे हे जन्मभर जहाजावर होते, डॉक्टरीणबाय. आमच्या वेळी हे औषध कुणी लिहून दिलं नाही."