हरमलहून आलेलं पावाचं मशीन

आमच्या स्टाफरूमच्या कपाटात डब्यांची बिनमालकाची झाकणं साठलेली आहेत. कोणी नेत नाही, कोणी टाकत नाही. किस्स्यांचंही तसंच होतं. गेल्या वर्षी तर एकट्या पावाच्या मशीनने इतके दिले, की ते सांगून टाकल्याशिवाय नव्यांना जागा होणार नाही.

आम्ही डिचोलीतल्या एका हायस्कुलात शिकवतो. मी मराठी, विद्या गणित, परब सर सायन्स आणि गावस सर पी.टी. विद्याची मुलगी तनू नऊ वर्षांची. तिला गहू चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. थोडाही नाही, कधीच नाही. गोव्यात राहून गहू बंद म्हणजे पोई बंद, उंडे बंद, सकाळच्या पातळभाजीबरोबरचा पाव बंद. तनू रडली नाही. भाकरी खाल्ली, आंबोळी खाल्ली आणि आठ दिवसांनी आईला म्हणाली, "मी मोठी झाले की खाईन ना पाव?" विद्याने हे मधल्या सुट्टीत सांगितलं. त्या दिवशी कोणाचाच चहा संपला नाही.

मग बिनगव्हाचा पाव घरी होतो का, त्यासाठी मशीन घ्यावं का, यावर चर्चा सुरू झाली. मतं सगळ्यांना होती, अनुभव कोणालाच नव्हता.

*

परब सरांचा चुलतभाऊ हरमलला पर्यटकांना खोल्या देतो. त्याच्याकडे सहा महिने राहिलेल्या एक रशियन बाई जाताना पावाचं मशीन खोलीतच ठेवून गेल्या होत्या. "फाल्यां हाडतां," परब सर म्हणाले आणि खरंच दुसऱ्या दिवशी स्कूटरवर पायांत धरून ते घेऊन आले. भावाची अट सोपी होती. वापरून बघा, जमलं तर ठेवा, नाहीतर सीझन सुरू व्हायच्या आत परत करा.

बटणांवर सगळं रशियन. सरांनी फोनवरून अर्थ लावला आणि प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टीवर मराठीत लिहिलं: 'चालू', 'बंद', 'पीठ मळणे'. उरलेल्या चार बटणांखाली लिहिलं, 'उगाच दाबू नये'. सायन्सचा माणूस!

विद्याने बजावलं, की आतलं भांडं आणि पातं नवं आणायचं, आणि प्रयोगालाही गव्हाची चिमूट लागता कामा नये. मग म्हणाली, "पहिले प्रयोग माझ्याकडे नकोत. फसलेला पाव तनूने बघायला नको." म्हणून ते मशीन आमच्या घरांतून फिरायला निघालं.

*

पहिला नंबर माझा. माझ्या सासूबाई सावंतवाडीकडच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पाव येत नाही. पुढच्या ओसरीवर, म्हणजे आमच्या बाल्कांवात, खुंटीला त्याची पिशवी असते आणि तो तिथेच बसून खायचा. मी म्हटलं, "आई, तांदूळ आपला, पाणी आपलं, मशीन घरातलं. मग हा बाहेरचा कसा?"

त्यांनी मनापासून विचार केला. "आत जाता ता पीठ," त्या म्हणाल्या. "भायर येता तो पाव."

मशीन बाल्कांवात गेलं. ते पीठ मळायला लागलं की येणारेजाणारे फाटकाशी थांबून विचारत, "वॉशिंग मशीन नवं?" तीन तासांनी जे निघालं, ते खाली चिकट होतं आणि वर दगड. सासूबाईंनी नख रोवून पाहिलं. "सांदणां करूची होती तर माका सांगूचा. ह्या पेटयेक कित्याक त्रास?"

*

परब सरांनी वहीच घातली. पीठ किती, पाणी किती, तापमान किती. पण पाव फुगतोय का, हे बघायला ते दर पाच मिनिटांनी झाकण उघडत. त्यांच्या बायकोने सांगितलं, इडलीच्या भांड्याचं झाकण मी उघडलं तर हेच माझ्यावर ओरडतात. पाव मधोमध बसला. सरांनी त्याचा आलेख काढून स्टाफरूममध्ये आणला आणि आम्हाला समजावलं, की पडझड नेमकी कुठून सुरू झाली. पाव का बसला, हे मात्र आलेखात नव्हतं.

*

गावस सर वाळपईचे. त्यांनी रविवारी सकाळी मशीन लावलं आणि लाईट गेली. आली तशी मशीनने पहिल्यापासून मळायला घेतलं. पुन्हा गेली, पुन्हा आली, पुन्हा मळणं. असं संध्याकाळपर्यंत चार वेळा. सोमवारी सरांचा चेहरा उतरलेला होता. "एवढी कवायत तर मी मुलांनाही देत नाही," ते म्हणाले.

तो पाव त्यांनी पुराव्यादाखल आणला होता. आमच्या स्टाफरूमचं दार वाऱ्याने आपटतं. हेडबाईंनी पाव उचलला, हातात तोलला आणि दाराला लावला. दार हललं नाही. शिपाई दत्ताराम खाली वाकून म्हणाला, "मॅडम, फर्निचरसारखा ह्याच्यावरही नंबर मारू?"

*

एव्हाना परब सरांनी कुठेतरी वाचलं, की गव्हात जो चिकटपणा असतो त्याची जागा इसबगोल घेतं. आम्ही उत्साही मंडळी, एकमेकांना न सांगता तिघांनीही एकाच आठवड्यात बाजारातल्या त्याच मेडिकलमधून इसबगोलचे मोठे डबे घेतले. मी शेवटची. दुकानदाराने डबा कागदात गुंडाळला आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, हायस्कुलात सगळं ठीक आहे ना?"

*

सीझन तोंडावर आला. भावाचा हरमलहून फोन आला, खोल्या रंगवायला काढल्यात, मशीनचं काय? विद्या म्हणाली, "परत करूया. माझ्यासाठी तुम्ही खूप केलंत." ती हसून म्हणाली, पण मला ते अजिबात आवडलं नाही.

परब सरांनाही आवडलं नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विद्याच्या वाड्यावरच्या इनासबाबला वाटेत गाठायला गेले. इनासबाब पोदेर, म्हणजे पाववाला. त्याच्या बापानेही हेच केलं, पहाटे भट्टी आणि सकाळी सायकलवरून घरोघर पाव. सरांनी त्याच्यासमोर आमचा ताजा नमुना धरला. ज्याचा धंदा जाईल त्यालाच विचारायचं म्हणजे कमाल आहे, असं गावस सर नंतर म्हणाले. इनासबाबने पाव मोडला, हुंगला, अंगठ्याने दाबला.

"हें पीठ मळूंक नाका, बाब. ओतूंक जाय. उदक चड घाल."

एवढंच. दोन पदव्या घेतलेले परब सर ते तळहातावर लिहून शाळेत आले. इडलीच्या पिठाइतकं सैल करायचं, मळायचं नाही. त्यासाठी 'उगाच दाबू नये'पैकी एक बटण लागलं.

या वेळी मशीन विद्याच्या घरी गेलं. तांदूळ, थोडी नाचणी, इसबगोल आणि भरपूर पाणी. पाव फुगला आणि फुगलेलाच राहिला. विद्याने ग्रुपवर फोटो टाकला, आणि हेडबाईंनी तासावर असताना उत्तर दिलं, जे त्या आम्हाला करू देत नाहीत.

तनूने एक तुकडा खाल्ला. "छान झालाय," म्हणाली, "थँक यू," म्हणाली आणि ताट सारून अभ्यासाला बसली. पाहुण्यांकडे गेल्यावर बोलतात तसं बोलली, असं विद्या सांगत होती. मशीन ठेवायचं की परत करायचं, हे तिला अजूनही ठरवता येत नव्हतं. खाणारीच जर आपल्याला बरं वाटावं म्हणून खात असेल, तर मशीनचा काय उपयोग?

*

पुढचं विद्याने तिसऱ्या दिवशी सांगितलं.

सकाळी ती ओट्यापाशी होती. मशीनमधला पाव कापून स्टीलच्या डब्यात भरून ठेवलेला होता. बाहेर इनासबाबचा भोंगा वाजला, आणि तिने वळून पाहिलं तर डबा जागेवर नाही. खिडकीतून दिसलं, तनू फाटकाशी उभी आहे आणि डबा इनासबाबच्या हातात देते आहे.

"टोपलीत नको ठेवू," तनू त्याला सांगत होती. "तिथे गव्हाचं असतं."

इनासबाबने डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. खिशातून सुतळी काढली, डबा सायकलच्या हँडलला बांधला आणि आला होता त्या वाटेने उलटा गेला, पार वळणापर्यंत. तिथे सायकल फिरवली. भोंगा वाजवत परत आला, विद्याच्या फाटकाशी थांबला, एक पाय खाली टेकला.

"पाव," तो म्हणाला.

तनू धावत पुढे गेली. त्याने सुतळी सोडली आणि डबा तिच्या हातात दिला. मग पुढच्या घराकडे निघता निघता मागे वळून म्हणाला,

"फाल्यां जरा वेगीन दी गो बाय. फुडें गिरायकां वाट पळयतात."