तिसरी गिरकी

शाळा मी चौथीत सोडली. पुढं चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, तासगावपासून कराडपर्यंत. माझ्या हातच्या फरशीवर पाणी साचतं असं मला एकाही घरमालकानं कधी ऐकवलं नाही.

नात चाकाच्या बुटांवर नाचायला शिकायला लागली तेव्हा मला ते खूळच वाटलं. खेळ खरा बर्फावरचा. आपल्याकडं बर्फ मिळतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, म्हणून इथली पोरं चाकांवर शिकतात. इस्लामपूरला एक सर होते, आठवड्यातून दोनदा ती तिकडं जायची. बाकीचे दिवस सरावाला जागा नव्हती. मग मीच म्हणालो, अंगण करून देतो. थापी सोडून बरीच वर्षं झाली होती, गुडघे ऐकत नव्हते. तरी सिमेंटचा कोबा मीच घातला आणि मीच घोटला. अंगण म्हटलं की पाणी उतरायला मोरीकडं ढाळ आला. तो मला ठरवावा लागत नाही, हातच देतो.

त्या अंगणात ती ट्विझल शिकली. ट्विझल म्हणजे एका पायावर वेगानं पुढं जाता जाता गिरक्या घ्यायच्या. जाग्यावर फिरला तर तो भोवरा झाला, ट्विझल नव्हे. फिरायचंही आणि रेघही सोडायची नाही. मी खडूनं रेघ मारून द्यायचो आणि पायरीवर बसून मोजायचो. तिच्यातही प्रकार लय. तोंड पुढं करून सुरुवात, पाठ करून सुरुवात. चाकाच्या आतल्या कडेवर, बाहेरच्या कडेवर. हात डोक्यावर नेऊन, नाहीतर मागचा पाय हातात धरून. आणि सगळ्यात अवघड म्हणजे उजवीकडून झाल्यावर पाय बदलून लगेच डावीकडून. माणसाचं एक अंग वळायला राजी असतं, दुसरं नसतं. पहिली गिरकी कुणालाही येते. दुसरी वेगावर निघते. तिसरीला कळतं माणूस सरळ उभा आहे का.

सांगलीच्या स्पर्धेत डावीकडची तिसरी गिरकी तिला दगा देऊन गेली. रेघ वाकडी झाली, पाय टेकला. मी खुर्चीवरनं उठून ओरडलो होतो. घरी येताना एसटीत म्हणालो, "डाव्या अंगाला भितीस तू."

"भीत न्हाई आबा. अंगच वर ओढतंय."

"अंग ओढत नसतंय. मन ओढतंय."

सगळा उन्हाळा मी तिला त्याच अंगणात राबवलं. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. माझ्या खडूच्या रेघेवर ती सरळ जायची आणि सरांकडं गेली की वाकडी. मला वाटायचं, सरच कच्चा आहे.

मग एकदम तिनं अंगणात उतरणं बंद केलं. मुलगा म्हणाला, "आवं आबा, सहामाही परीक्षा हाय तिची. सरांकडचंबी बंद ठिवलंय. जरा इसावा दिऊ." मी मानलं. दोन महिने मानलं.

डोळ्यांत घालायचं औषध संपलं म्हणून एक दिवस इस्लामपूरला जाऊन नवी बाटली घेतली. एका मंगल कार्यालयाबाहेर मुलाची मोटारसायकल दिसली. लग्नसराई संपलेली. म्हटलं, कुणाचं कार्य आहे बघू. आत गेलो तर रिकाम्या हॉलमध्ये नात फिरत होती. सर कडेला उभे, मुलगा खुर्चीवर. सर म्हणत होते, "आता घरच्या अंगणाची सवय मोडली तिची. आंग वर टाकत न्हाई."

मला बघून मुलगा उठला.

"काय सवय? कसली सवय?" मी म्हणालो.

सरांनी मुलाकडं बघितलं. मुलगाच बोलला. "ढाळाची, आबा. उतारावर सरळ जायला ती वरच्या अंगाला कलायची. सपाट जागेत तेच नडायचं. सरांनी आपल्या अंगणात चेंडू ठिवून बघितला, चेंडू मोरीत गेला."

"कवा?"

"दुपारी. तुमी झोपला व्हता."

अंगणाला ढाळ नको होता, हे मला कळायला हवं होतं. ते मी कबूल करतो. पण मी झोपलेला असताना माझं काम तपासलं, चौघांना कळलं, आणि मी त्यानंतरही जेवताना सुनेला विचारायचो, अभ्यास चाललाय का पोरीचा? ती म्हणायची, व्हय, चाललाय.

"तोंडावर सांगायचं हुतं रं," मी म्हणालो. "दोन दिवसात फोडलं असतं आणि सपाट केलं असतं."

"तुमाला वाईट वाटलं असतं म्हनून..."

"आता बरं वाटतंय व्हय?"

नात मधेच म्हणाली, "आबा, बघा की." आणि तिथंच तिनं डावीकडून चार घेतल्या. सरळ, दोरी ताणल्यासारख्या. चौथीच्या शेवटी माझ्याकडं बघून थांबली. माझ्या तोंडून शाबास निघालं नाही. औषधाची बाटली खिशात दाबून मी उभा राहिलो.

साताऱ्याच्या स्पर्धेला चला म्हणून ती दोनदा सांगायला आली. पहिल्यांदा मी म्हणालो, गुडघा दुखतोय. दुसऱ्यांदा म्हणालो, "मला न सांगता शिकलीस, तशीच न सांगता जा." ती गेली. परत आली ती पदक गळ्यात घालूनच पाया पडली. "आबा, दोन्हीकडनं झाल्या. पाय बदलून."

"मी कुठं बघितल्या? मला कशाला सांगतीस?"

ते मी बोललो. रागात होतो, आणि राग खोटा नव्हता. ती पदक काढून आत गेली.

आता ती कुठली गिरकी शिकते ते मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणते, "चाललंय, आबा," आणि बुटांची पिशवी उचलून जाते. अगदी बापासारखं, गोड बोलून.