सतराचं पॅकेज

कुरुंदवाडात एखादी बातमी सुटली की ती एसटीच्या आधी कोल्हापुरात पोचते. मगदुमांच्या आदितीला सतराचं पॅकेज आहे, ही बातमी अशीच सुटली. झालं होतं एवढंच, की तिला बघायला आलेल्या पाहुण्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, पॅकेज किती? आणि पोह्यांच्या बश्या मांडता मांडता ती सरळ मनानं म्हणाली, सतरा. पाहुण्यांचे चमचे हवेतच राहिले. आदितीची आई, अक्काताई, तीही दोन दिवस जमिनीवर नव्हती. मग उलगडा झाला. पगार वेगळा होता आणि बेताचाच होता. सतरा हा ती सांभाळत असलेल्या संगणकाच्या पॅकेजांचा आकडा, आणि त्या कामाचा तिला एक रुपयाही मिळत नव्हता. पाहुणे पुन्हा काही आले नाहीत. बातमी मात्र गावात तशीच फिरत राहिली, कारण चांगली बातमी दुरुस्त करत बसायला कुणाला वेळ असतो?

कृष्णातचाही त्या बातमीवर पुरता विश्वास होता. कृष्णात म्हणजे पंचगंगेच्या काठावरच्या पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी. नदीवरच्या मोटारी चालू-बंद करायच्या, पाळीप्रमाणं शेतांना पाणी सोडायचं, आणि पावसाळ्यात नदी चढायला लागली की सगळ्या मोटारी सोडवून, ट्रॅक्टरनं ओढून वर गावात आणायच्या, हे त्याचं काम. संस्थेचे चेअरमन म्हणजे आदितीचे वडील, बाहुबली मगदूम. त्यामुळं आदिती फ्रॉकात होती तेव्हापासून त्याची ओळखीची. मोटारघराच्या पायरीवर बसून ती विचारायची, मामा, मोटारीला कधी सुरू व्हायचं ते कोण सांगतं? मी सांगतो, असं कृष्णात छाती काढून म्हणायचा. मग तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: आणि तुम्ही नसला तर? कृष्णात हसून तिच्या हातावर शेंगा ठेवायचा.

पुढं ती शिकली, कोल्हापुरात नोकरीला लागली आणि मंगळवार पेठेत दोन खोल्या घेऊन राहू लागली. दिवसभर कंपनीचं काम. दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत तिनं तिथंही सोडली नाही. आणि सकाळी लवकर उठून, जग आळोखेपिळोखे देत असताना, ती आपलं दुसरं काम करायची. लिनक्स नावाची एक मोकळी संगणकव्यवस्था आहे, जगभरातल्या हजारो लोकांनी हौसेनं उभी केलेली. त्या व्यवस्थेसाठी कुणी एखादा प्रोग्रॅम लिहितो, पण नुसता लिहून तो कुणाच्या उपयोगाचा नसतो. मशीन सुरू झालं की त्यानं आपोआप उठायचं कसं, कुणाच्या नंतर उठायचं, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे सगळं ठरवून त्याचं नीट गाठोडं बांधावं लागतं. ते गाठोडं म्हणजे पॅकेज. आदिती ज्यांची गाठोडी बांधायची ते प्रोग्रॅम पडद्यावर कधी दिसतच नाहीत. ते मागच्या मागं बसून राबतात, आणि काम बंद पडलं तरच लोकांना त्यांची आठवण येते.

त्या सतरातलं एक पॅकेज नदीचं होतं. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसानं आपल्या घरामागच्या ओढ्याचं पाणी मोजायला तो प्रोग्रॅम लिहिला होता. आदितीनं तो एका छोट्या पेटीत बसवून वडिलांच्या संस्थेला दिला. पाणी चढायला लागलं की पेटी सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज टाकणार. कृष्णातला सगळ्यात जास्त आनंद झाला. पावसाळाभर नदीकडं डोळे लावून बसणं आता सुटलं, असं त्याला वाटलं. एक दिवस तो निर्धास्तपणे कागलला बहिणीकडं गेला, आणि नेमकी त्याच दिवशी नदी चढली. पेटीनं हूं की चूं केलं नाही. दोन मोटारी पाण्याखाली गेल्या.

सभासदांनी पेटीला काय बोलायचं? ते कृष्णातलाच बोलले. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून नदी राखणारा माणूस एका डब्याच्या भरवशावर पाव्हणचाराला जातो, हे त्यांना पचेना. शेवटी बाहुबली मगदुमांनी मध्ये पडून एक पावसाळा मागून घेतला. पुन्हा असं झालं तर पेटी नदीत आणि कृष्णात घरी, असं ठरलं. कृष्णातला काम जाण्यापेक्षा जिव्हारी लागलं ते दुसरंच. आपण नसलो तर काय, या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदा उत्तर सापडलं होतं, आणि ते खोटं निघालं होतं.

आदिती लगेचच्या रविवारी आली. बापाशी फारसं न बोलता थेट मोटारघरात गेली आणि पायरीवर लॅपटॉप उघडून बसली. तिनं कृष्णातला विचारलं, त्या दिवशी लाइट गेलती का? कृष्णातला हसूच आलं. लाइट कुठल्या दिवशी जात नाही? मग तिनं त्याला मेन स्विच पाडायला लावला, पुन्हा वर करायला लावला, पुन्हा पाडायला लावला. स्वतः पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं कपाळाला हात लावला.

"मामा, लाइट आली की ही आधी उठते, आणि मोबाइलची रेंज धरणारं यंत्र मागनं उठतं. ही एकदा हाक मारते. ऐकायला कोण न्हाई म्हटल्यावर गप पडते ती पडतेच."

"मग ज्यानं केलं त्याला कसं कळलं न्हाय ह्ये?"

"त्याच्या गावात लाइट जातच न्हाई, मामा."

असं गाव असतं, हेच कृष्णातला पटेना. पण चूक त्या माणसाची नव्हती, असं आदिती म्हणाली. गाठोडं बांधताना आपल्या नदीचा विचार तिनं करायला हवा होता. मग तिनं तिथंच काही ओळी लिहिल्या आणि एकेक ओळ त्याला समजावून दिली. या ओळीत लिहिलंय, रेंज येईपर्यंत थांबायचं. या ओळीत, पडलीस तर कुणी न सांगता पुन्हा उठायचं, कितीही वेळा. या ओळीत, नदी बघायची आणि सांगायचं, मशीनमधल्या दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. आणि शेवटची ओळ थांबण्याची. बंद हो म्हटल्यावर हातातलं काम पुरं करायचं, निरोप द्यायचा, मगच थांबायचं. म्हणून मामा, एकदम मेन पाडायचा नाही. आधी हे बटण दाबायचं आणि हिरवा दिवा विझेपर्यंत वाट बघायची.

कृष्णातनं त्या ओळी मोजल्या नाहीत, पण त्या एका तळहाताखाली झाकल्या जातील एवढ्याच होत्या. पाटकऱ्याच्या कामात एवढं सगळं त्याला शिकवायला त्याच्या बापाला चार पावसाळे लागले होते. आणि आदिती सहज म्हणाली, की ही दुरुस्ती आता ते पॅकेज घेणाऱ्या प्रत्येकाकडं जाईल. कुठल्या कुठल्या देशांतल्या, कधी न बघितलेल्या नद्यांवर. कृष्णात त्या पोरीकडं बघतच राहिला. हिला शेंगा दिल्या होत्या आपण, एवढंच त्याच्या मनात आलं.

यंदा वर घाटात पाऊस लागला तसा कृष्णात मोटारघरात मुक्कामालाच गेला. पेटीवर विश्वास नव्हता असं नाही, पण एकदा पोळलेला माणूस होता तो. लाइट जात होती, येत होती. नदी गढूळ झाली होती, पण पायरीखालीच होती. तो नजर रोखून पाण्याकडं बघत होता, आणि खिशातला फोन वाजला. पाणी चढतंय, असा मेसेज होता. त्यानं पुन्हा नदीकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांना काहीच फरक दिसेना. तरी त्यानं फोनाफोनी केली, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत खालची पायरी पाण्याखाली गेलेली होती. आपण राखलेल्या नदीचं चढतं पाणी आपल्याआधी कुणाला तरी दिसलं, याचं त्याला वाईट वाटलं नाही.

मोटारी निघत असतानाच आदितीचा फोन आला. तिकडून तिला पेटीचा सगळा हालहवाल दिसत होता.

"सकाळपासनं चार-पाचदा पडली ती, मामा. दर वेळी उठली."

"मी हितंच बसलोय की. मला कळलं बी न्हाय."

"कळायचंच नसतं," आदिती म्हणाली.

शेवटची मोटार ट्रॅक्टरला लागली तेव्हा पाणी मोटारघराच्या दाराशी आलं होतं. आता मेन पाडून निघायचं होतं. कृष्णातनं बटण दाबलं आणि हात मागं बांधून उभा राहिला. हिरवा दिवा लुकलुकत होता. मेन पाड की, म्हणून बाहेरून सगळे ओरडायला लागले. पाणी त्याच्या चपलांत शिरलं. त्यानं नुसता हात वर केला, थांबा म्हणून. मग दिवा विझला आणि खिशात फोन थरथरला. आदितीनं त्या प्रोग्रॅमला मराठीत बोलायला शिकवलं होतं: "पाण्याची शेवटची पातळी पाठवली. आता थांबतो."

जाणाऱ्या माणसानं दारातून वळून सांगावं तसं ते होतं. कृष्णातच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते पुसलं नाही. त्यानं मेन पाडला, पेटी खोलून खताच्या पिशवीत गुंडाळली आणि काखेत मारून ट्रॅक्टरवर चढला.

ट्रॅक्टर शेजारच्या गावातल्या एका माणसाचा होता, मदतीला बोलावलेला. चढ चढताना त्यानं मागं वळून विचारलं, तुमच्या चेअरमनच्या पोरीला म्हणं सतराचं पॅकेज हाय, खरं हाय का?

"खरं हाय, पावणं," कृष्णात म्हणाला. "त्यातलं एक ह्ये माझ्या काखंत हाय."

पाहुण्यानं पिशवीकडं बघितलं, कृष्णातकडं बघितलं, आणि गमतीनं विचारलं, मग बाकीची सोळा कुठं हायत?

कृष्णातनं मागं नदीकडं बघितलं. मोटारघराची पायरी आता दिसत नव्हती.

"कुठं हायत ते त्या पोरीला बी ठावं नसंल," तो म्हणाला. "पर जागी हायत."