दस्त्यातलं शिसं

निवडणुकीआधी पोलीस ठाण्यात गावोगावच्या ठासणीच्या बंदुका जमा करून घेत होते. मी एका दाखल्यासाठी बाकावर बसलो होतो. समोर सत्तरीतल्या एका शेतकऱ्याने आपली लांब नळीची बंदूक सहज एका बोटावर आडवी तोलून धरली. ती जराही कलली नाही.

हवालदाराने ती उचलून पाहिली. "काका, गेल्या खेपेपेक्षा जड लागते की ही!"

"खांद्याकडच्या दस्त्यात शिसा भरलंय," म्हातारा म्हणाला. "नळी फुडे झुकाय. हात थकले, नेम धरवना. आता हलकी लागता."

मला हसू आलं. थकल्या माणसाने वजन वाढवायचं? मी तर निवृत्त झाल्यापासून एकेक ओझं उतरवत आलोय. वाचनालयाचं काम सोडलं, बागेकडे बघणं सोडलं. आईलासुद्धा "आता झेपत नाही" म्हणून बहिणीकडे पाठवलं. तरी हल्ली हातातलं वर्तमानपत्रदेखील जड लागतं. माझीही नळी तेवढी उरली होती. तोल राखणारा दस्ता पोकळ झाला होता.

पावती घेऊन म्हातारा निघाला. "रानडुकरा मतदानापर्यंत थांबतली काय?" असं पुटपुटत पायऱ्या उतरला. बंदूक आत राहिली होती, पण त्याचा डावा तळहात अजून वरच होता, तोल बसतो त्या जागी, रिकामा.

दाखला मिळायच्या आधीच मी बहिणीला फोन लावला.

"आईची पिशवी भरून ठेव," म्हटलं. "रविवारी न्यायला येतो."