नातीचा अळणी भात

सुनेला सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं आणि सात महिन्यांची माझी नात आईच्या दुधाशिवाय तोंडात काही घेत नव्हती. गुरुवारी संध्याकाळी सून फोन हातात घेऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, "आई, कळवून टाकू का कंपनीत, येत नाही म्हणून?"

मी म्हणाले, "कळवायला किती वेळ लागतो? शनवारपर्यंत थांब."

थांब म्हणाले खरी, पण शनिवारपर्यंत काय वेगळं होणार होतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

मी मुरब्याची, पालघरजवळच्या कोळ्यांच्या गावची. चौथीपर्यंत शाळेत गेले, मग मासळीत पडले. ओली विकली, सुकी विकली, पावसाळ्यासाठी खारवून ठेवली. जन्म मिठात गेला म्हटलं तरी चालेल. मोठा मुलगा बोईसरला कारखान्यात लागला आणि त्याने लातूरकडच्या मुलीशी लग्न केलं. ती औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. पहिल्यांदा मला ती आवडली नव्हती. मासे खात नाही, मोठ्याने बोलत नाही, भांडण झालं तरी आत जाऊन बसते. मग सवय झाली.

तिची बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा तिच्या आईला गुडघ्यांमुळे येता येईना. मुलगा पाळीवर जातो, त्याचा काही नेम नाही. एवढं लहान मूल पाळणाघरात ठेवायला ती तयार नव्हती. मीच म्हणाले, मी येते, तू नोकरी सोडू नको. यात माझा मोठेपणा काही नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिने दिवसभर माझं तोंड बघावं आणि मी तिचं, हे दोघींना जड गेलं असतं. शिवाय मी स्वतः पाटी घेऊन फिरलेली बाई आहे. घरी बसायला लावलं असतं तर मी कुणाला सुखाने जगू दिलं नसतं.

रजेला जोडून तिने एक महिना बिनपगारी घेतला होता, तो फक्त बाळाला जेवायची सवय लावायला. त्याच्यापुढे जागा ठेवणार नाही, असं साहेबाने स्पष्ट सांगितलं होतं.

सहा महिने पुरे झाले तेव्हा उष्टावण केलं. पहिला घास मामाने भरवायचा असतो, म्हणून सुनेचा भाऊ लातूरहून चांदीची वाटी घेऊन आला. खीर सुनेने केली. मामाने बोटावर खीर घेऊन पोरीच्या तोंडात घातली, तर ती बोटच सोडेना.

"अक्का, तुझी लेक माझं बोट खायलीय!" तो ओरडला. सगळे हसले. मी मनात म्हटलं, ही खाणारी आहे. हिचं काही अवघड नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाळाचा स्वयंपाक मी माझ्या हातात घेतला. पुढे मलाच करायचा होता, तर आतापासून हात बसलेला बरा. आरोग्य केंद्रात लस द्यायला गेलो होतो तेव्हा तिथल्या सिस्टरने सगळं सांगितलं होतं. पेज पातळ नको, चमचा तिरका केला तरी ओघळू नये एवढी घट्ट असावी. आधी दोन-तीन चमचे, मग वाढवत जा. केळं, चिकू कुस्करून द्या. एक वर्षाची होईपर्यंत मीठ-साखर नको. सुनेने ते सगळं ऐकलं आणि घरी येऊन वेळांचा कागद फ्रिजवर चिकटवला. साडेसातला दूध. दहाला नाचणी. एकला मऊ भात-वरण. चारला पुन्हा थोडं खाणं. सहाला आई आली की दूध.

कागद वाचून मला हसू आलं. मुरब्याला होड्या भरतीवर लागायच्या, भरती रोज पुढे सरकायची आणि माझ्या पोरांचं जेवणही तसंच सरकत जायचं. पण सुनेला घड्याळाचा धीर वाटत होता, म्हणून मी काही बोलले नाही.

सिस्टरच्या दोन गोष्टी मात्र मी मानल्या नाहीत. थंडीचे दिवस होते आणि पोरीच्या छातीत घरघर होती, म्हणून केळं-चिकू बंद केलं. पालघरजवळच्या माहीमची केळी घरात येत होती, ती आम्ही मोठ्यांनी खाल्ली. आणि पेजेत, भातात मी चिमूटभर मीठ घालत होते. अळणी कोण खाईल? एवढीशी झाली म्हणून काय झालं, जीभ तर आहे. तळहातावर थेंब घेऊन चव बघायची आणि कमी वाटलं तर आणखी चिमूट घालायची, असं माझं चाललं होतं. सुनेला सांगितलं नाही, कारण तिने सिस्टरचं ऐकलं असतं.

सून कधी त्या वाटीतलं चाखत नव्हती. तिच्या माहेरची तशी शिस्त आहे. बाळाच्या वाटीला मोठ्यांनी तोंड लावायचं नाही, वाटी उष्टी होते.

पहिल्या दिवशी नातीने एक चमचा घेतला आणि अंग शहारून बाहेर काढला. मी म्हटलं, नवीन आहे, होईल सवय. चौथ्या दिवशी चमचा दिसला की ती ओठ आत ओढून घ्यायला लागली. दहाव्या दिवशी वाटीचा आवाज ऐकून मान फिरवायला लागली. मी तिचे गाल दाबून भरवलं. तिने ते माझ्या पदरावर थुंकलं. मी ओरडले, ती रडली, सून आतून धावत आली.

"द्या इकडं, आई."

"थांब गो. तू लगेच पाजतेस, म्हणून ती खात नाय. तिला म्हायत हाय, रडलं की दूध येतं."

"लेकरू रडायलंय आणि मी कशी थांबू?"

आणि ती पाजायची. मग मी दिवसभर तिला तेच ऐकवायचे. तूच लाडावलीस. तूच सवय लावलीस. दुपारी भरवताना मी सुनेला गॅलरीत बसवून दार लावून घ्यायचे, तर काचेतून ती आम्हाला बघायची आणि पोर तिला बघायची. दोघींच्या डोळ्यांत पाणी.

पाळी संपवून आलेला माझा मुलगा एकदा चहा पीत म्हणाला, "आई, तू भरवतेस का तिच्याशी भांडतेस?"

"तू भरव मग."

त्याने चमचा घेतला, विमान केलं, होडी केली, तोंडाने भोंगा वाजवला. पोर खदखदून हसली. हसताना तोंड उघडलं तसा त्याने चमचा आत सारला, आणि तिने जे तोंड केलं ते बघून त्यालाच वाईट वाटलं. पुन्हा काही तो त्या फंदात पडला नाही.

लातूरहून विहीणबाईंचा रोज फोन यायचा. दृष्ट काढा. मोहऱ्या-मिरच्या ओवाळून टाका. तेही केलं. घरभर ठसका उठला, शेजारीण दार वाजवायला आली, पोर होती तशीच. तिचं वजन उतरलं नव्हतं, पण चढतही नव्हतं. सून मात्र वाळली. आरशासमोर उभी राहून कंपनीचा ड्रेस अंगाला लावून बघायची आणि घडी करून परत ठेवायची.

तर गुरुवारी ती म्हणाली, कळवून टाकू का. आणि शुक्रवारी सकाळी हे झालं.

सून खाली भाजी आणायला गेली होती. मी पोरीला माझ्यासमोर जमिनीवर बसवून वाटीत भात-वरण कालवत होते. भात कोमट झाला होता. मिठाची बरणी घ्यायला उठणार, तेवढ्यात बेल वाजली. शेजारीण होती. उत्तर प्रदेशची बाई आहे, नवरा माझ्या मुलाच्याच कारखान्यात असतो. कढीपत्ता मागायला आली होती. फ्रिजमधून काढून दिला, दोन शब्द बोलले आणि वळून बघते तर पोरीचा हात वाटीत. मूठभर भात तोंडाला, नाकाला, कपाळाला. आणि ती खात होती. गिळत होती. मूठ संपली तसा पुन्हा हात घातला.

मी तिथेच उभी राहिले. शेजारीण म्हणाली, "अरे वाह, अम्मा! ये तो खाने लगी!"

मला वाटलं, हिला स्वतःच्या हाताने खायचं होतं, एवढंच होतं तर. त्यातला थोडा भात मी दुसऱ्या वाटीत काढला, रोजच्यासारखं मीठ घातलं, चव बघितली आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. तिने हात घातला, चाटला, आणि तेच तोंड केलं. अंग शहारलं. वाटी ढकलून दिली. मी पहिली वाटी पुढे केली. त्यातलं तिने खाल्लं.

मग मिठाची वाटी उचलली. मी शेजारणीला म्हटलं, "ये जरा चाखके देखो."

तिने बोटाने घेतलं आणि सिंककडे पळाली. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "अम्मा, ये बच्ची का खाना है कि समंदर का पानी?"

मी पुन्हा चाखलं. मला ते बेताचंच लागत होतं. माझी जीभ मेली होती आणि मला पत्ता नव्हता. जन्मभर खारी मासळी हाताळली, खाल्ली, आणि वरून वय झालं. मला चिमूट वाटायची ती चिमूट राहिली नव्हती. मग बाकीचंही ध्यानात आलं. माझ्या हातचं वरण जेवून मुलगा-सून तांब्याभर पाणी प्यायची. मला वाटायचं बोईसरची हवाच कोरडी.

सून भाजी घेऊन वर आली. मी तिला बसायलाही दिलं नाही.

"पोर जेवली."

"किती?"

"अर्धी वाटी. आनि आधी जेवत नव्हती ती माझ्यामुळे. मी मीठ घालत होते."

पिशवी तिच्या हातातच राहिली. "सिस्टर नको म्हणल्या होत्या की."

"म्हनल्या होत्या."

"तरी घातलं?"

"घातलं."

"रोज?"

"रोज. दोनदा."

तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी तीन आठवडे स्वतःलाच बोलत बसले, आई. म्हणलं माझंच चुकलं, मीच सवय लावली. तुम्ही पण तेच म्हणत होता. गॅलरीत बसवलं तुम्ही मला."

माझं चुकलं म्हणाले. ते मला पटकन म्हणता येत नाही, पण म्हणाले.

ती आत गेली आणि मिठाची बरणी उचलून माझा हात पोचत नाही अशा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"सैपाकाला काय करू मग?"

"मला हाक मारा. मी घालीन. आणि आमचं वरण पण खारटच असतंय, आई. लग्न झाल्यापासून सांगीन सांगीन म्हणायलेय."

"मग सांगायचं ना गो!"

"भीती वाटती तुमची," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता रडली आणि रडता रडता पोरीच्या कपाळावरचा भात पुसला. मी खाली बसले.

सिस्टरला फोन लावला. सगळं खरं सांगितलं. शू नीट होते का, ताप-उलटी आहे का, असं तिने विचारलं. काही नव्हतं. मग म्हणाली, आजपासून बंद करा, घाबरू नका, सोमवारी केंद्रात आणा, वजन करू आणि बघूनही घेऊ. आणि आजी, थोडी घरघर आहे म्हणून केळं बंद करायचं नसतं. मी फोनवर मान डोलावली, ती तिला दिसली नाही.

शनिवारी सुनेला मी साडेआठला घराबाहेर काढलं. कुठेही जा म्हटलं, एकच्या आत येऊ नको. ती पालघरला जाऊन मैत्रिणीकडे बसली. दहाला पोरीने नाचणी खाल्ली, आधी माझ्याकडे संशयाने बघून. पहिला चमचा ओठांना लावून तशीच थांबले. तिने जीभ बाहेर काढून बघितलं, मग तोंड उघडलं. एकला जेवायची वेळ झाली तेव्हा पोर झोपली होती. कागदाप्रमाणे मी उठवलं, तर तिने घर डोक्यावर घेतलं. रविवारी उठवलं नाही. दीडला आपण होऊन जागी झाली आणि वाटी संपवली. कागद फ्रिजवरच राहिला, पण अर्धा तास इकडेतिकडे मी माझ्या मर्जीने करते आणि सून ते चालवून घेते.

सोमवारी सुनेने साडेसातला पोरीला पाजलं आणि कंपनीच्या बससाठी नाक्यावर गेली. मी गॅलरीत पोरीला घेऊन उभी राहिले नाही. बघून दोघींचा जीव खालीवर झाला असता. दहाला नाचणी झाली. मग तिला कडेवर घेऊन सिस्टरकडे जाऊन आले. वजन थोडं वाढलं होतं. दीडला मऊ भात आणि मुगाचं वरण, अळणी. चारला अर्धं केळं कुस्करून दिलं, त्यातलं थोडं माझ्या लुगड्याला लागलं. मधे एकदा आई आठवून कुरकुरली, ती चिमण्या बघून थांबली.

साडेचारला सुनेचा फोन आला.

"आई, काय खाल्लं?"

मी सगळं सांगितलं. नाचणी किती, भात किती, केळं किती, वजनाचंही सांगितलं.

"रडली का?"

"थोडी. मग गप झाली."

पलीकडे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. कुणीतरी तिला हाक मारली. "आले, आले," ती त्या बाईला म्हणाली आणि मग मला, "बरं आई, ठेवते. काम आहे."

मी फोन ठेवला. पोर गोधडीवर पालथी पडून झोपली होती. मी तिच्या बाजूला आडवी झाले आणि महिन्याभरात पहिल्यांदा दिवसाउजेडी झोपले.